दोन वर्षांची मुदत कायद्यात असताना पोलीसप्रमुख मुदतीआधी हलवले जातात ते कसे?

सातारकर_वाचक

पोलीस सुधारणांवरचा, प्रकाश सिंह खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २२ सप्टेंबर २००६ चा निकाल आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमात नंतर घातलेली कलमं शेजारी ठेवून वाचतोय. निकालातले निर्देश वाचले की वाटतं, आता मंत्र्याला हात घालायला जागाच राहिली नाही. महासंचालक यूपीएससीने काढलेल्या तिघांच्या यादीतून निवडायचा, त्याला किमान दोन वर्षं द्यायची, परिक्षेत्राचा महानिरीक्षक, जिल्ह्याचा अधीक्षक, ठाण्याचा प्रभारी यांनाही दोन वर्षं, बदल्यांना आस्थापना मंडळ, वर राज्य सुरक्षा आयोग. तरी सरकार बदललं की आयुक्त बदलतात, आणि बहुतेक वेळा कोणी कोर्टाची पायरी चढत नाही.

तीन गोष्टी नेमक्या समजून घ्यायच्या आहेत. मुदतीआधी हलवण्याचा अधिकार नक्की कोणत्या कलमातून येतो? लेखी काहीच न येता नुसता फोन येतो, तेव्हा अधिकाऱ्याच्या हातात कायद्याने काय असतं? आणि कोर्टाने एखाद्या पोलीसप्रमुखाला परत खुर्चीत बसवल्याचं उदाहरण आहे का?

पक्षांची उणीदुणी कृपया नकोत. कलम, नियम, निकाल यांच्या आधाराने सांगा.

सेवाकायदा_नागपूर

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आधी दोन गट वेगळे करा, कारण वर्तमानपत्रांत ते नेहमी एकत्र होतात.

आयपीएस अधिकाऱ्याला दुहेरी संरक्षण आहे. एक म्हणजे आयपीएस संवर्ग नियम १९५४, नियम ७. सर्वोच्च न्यायालयाच्या टी. एस. आर. सुब्रमणियन निकालानंतर (३१ ऑक्टोबर २०१३) जानेवारी २०१४ मध्ये तो बदलला. संवर्गपदावर किमान दोन वर्षं, आणि त्याआधी हलवायचं तर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या नागरी सेवा मंडळाची शिफारस. सरकारला ती नाकारता येते, पण कारणं लेखी नोंदवून. दुसरं संरक्षण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२न मध्ये आहे. उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला एका जागी दोन वर्षं, उपनिरीक्षक ते निरीक्षक यांना एका ठाण्यात किंवा शाखेत दोन, जिल्ह्यात चार आणि परिक्षेत्रात आठ वर्षं.

आता भोकं कुठे आहेत ते पाहा.

कलम २२न(१) मध्ये मुदतीआधी हलवण्याची ठरावीक कारणं दिली आहेत: शिस्तभंगाची कारवाई, शिक्षा, भ्रष्टाचाराचा आरोप, काम करण्यास असमर्थता, कर्तव्यात कसूर. इथपर्यंत ठीक. पोटकलम (२) मात्र त्यात भर घालतं: अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितार्थ आणि प्रशासकीय निकडीमुळे मुदतपूर्व बदली करता येईल. त्याखालचं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, आणखी पुढे जातं. गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल, तर सर्वोच्च सक्षम प्राधिकारी आस्थापना मंडळाच्या शिफारशीशिवायच कोणाचीही बदली करू शकतो. मंडळ ज्या हस्तक्षेपाला अडवण्यासाठी आणलं, त्याच हस्तक्षेपासाठी मंडळाला वळसा घालायचा रस्ता त्याच कलमात लिहून ठेवला आहे.

सक्षम प्राधिकारी कोण? आयपीएससाठी मुख्यमंत्री. राज्य सेवेतल्या उपअधीक्षक आणि वरच्यांसाठी गृहमंत्री. निरीक्षकापर्यंत आस्थापना मंडळं. आता मंडळांची रचना बघा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं मंडळ महासंचालक आणि खात्यातलेच चार वरिष्ठ अधिकारी यांचं होतं. महाराष्ट्राच्या आस्थापना मंडळ क्रमांक १ चे अध्यक्ष अपर मुख्य सचिव (गृह) आहेत आणि महासंचालक उपाध्यक्ष. म्हणजे वरिष्ठ पदांच्या बाबतीत मंत्र्याच्या विभागाचा सचिवच शिफारस करणाऱ्यांत पहिला. मंडळ क्रमांक २ मात्र महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आहे.

संवर्ग नियमाच्या अपवादांत एक शब्द फार महत्त्वाचा आहे: बढती. बढती, निवृत्ती, राज्याबाहेर प्रतिनियुक्ती आणि दोन महिन्यांपेक्षा मोठं प्रशिक्षण या प्रसंगी दोन वर्षांचं बंधन सुटतं. ८ सप्टेंबर २०१५ ला मुंबईचे आयुक्त राकेश मारिया यांना शीना बोरा प्रकरणाचा तपास ऐन भरात असताना महासंचालक दर्जाची बढती देऊन गृहरक्षक दलात पाठवलं. त्यांच्या जागी आलेले अहमद जावेद स्वतः महासंचालक दर्जाचेच होते. म्हणजे त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आयुक्तपदी बसायला अडचण नव्हती, पद त्या दर्जाचं करता येत होतं. तरी कागदावर ती बदली ‘बढती’ आहे, आणि बढती मिळालेल्या माणसाला आपलं नुकसान झालं हे कोर्टात सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं.

खालच्या पातळीवर याचंच भावंड म्हणजे ‘नियंत्रण कक्षाशी संलग्न’. बदलीचा आदेशच काढायचा नाही. निरीक्षक कागदावर त्याच ठाण्याचा, बसतो मात्र मुख्यालयात, आणि ठाण्याचा कार्यभार दुसऱ्याकडे.

गृहखाते_निरीक्षण

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते बदलीकडे पाहणे म्हणजे प्रश्नाच्या शेवटच्या टोकाकडे पाहणे आहे. दबाव नेमणुकीच्या वेळीच पेरला जातो, आणि त्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे ‘अतिरिक्त कार्यभार’.

नियमित महासंचालकाला दोन वर्षांचे कवच आहे. अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्याला काहीच नाही. एका ओळीच्या आदेशाने कार्यभार काढून घेता येतो, त्याला बदली म्हणत नाहीत, मंडळ लागत नाही, कारण लागत नाही. अशा माणसाने मंत्रालयातून आलेल्या सूचनेला नकार द्यायचा तर रोज सकाळी खुर्ची पणाला लावून द्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१८ च्या आदेशात हे नेमके बंद केले. प्रभारी महासंचालक नेमायचा नाही, विद्यमान महासंचालक निवृत्त होण्याच्या किमान तीन महिने आधी यूपीएससीकडे प्रस्ताव पाठवायचा, आणि याविरुद्ध असलेले राज्यांचे कायदे स्थगित समजायचे. १३ मार्च २०१९ ला स्पष्ट केले की निवृत्तीला किमान सहा महिने शिल्लक असलेले अधिकारी यादीसाठी विचारात घ्यावेत. यादी करणाऱ्या समितीत यूपीएससीचे अध्यक्ष किंवा सदस्य, केंद्रीय गृहसचिव, राज्याचे मुख्य सचिव, राज्याचे महासंचालक आणि एका केंद्रीय दलाचा प्रमुख असतो.

महाराष्ट्रात काय झाले? तेव्हाचे महासंचालक सुबोध जयस्वाल केंद्रात गेल्यावर हेमंत नगराळे यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार. १७ मार्च २०२१ ला नगराळे मुंबईचे आयुक्त, कार्यभार रजनीश सेठ यांच्याकडे. एप्रिलमध्ये तो संजय पांडे यांच्याकडे. पूर्णवेळ महासंचालक आले १८ फेब्रुवारी २०२२ ला, तेही जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरल्यानंतर. मधल्या काळात यूपीएससीच्या समितीने तिघांची नावे दिली होती: नगराळे, के. वेंकटेशम आणि सेठ. मुख्य सचिव त्या बैठकीत सदस्य म्हणून होते, आणि त्यानंतर सरकारच्या वतीने त्यांनीच पांडे यांच्या नावाचा फेरविचार करावा असे पत्र लिहिले. उच्च न्यायालयाने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. शेवटी सेठ यांची नेमणूक झाली.

एक राज्य, जवळपास एक वर्ष, तीन जणांकडे फिरलेला अतिरिक्त कार्यभार. यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या सचोटीबद्दल मी बोलत नाही. व्यवस्थेने त्यांना ‘नाही’ म्हणायला पायाखाली जमीन दिली नव्हती, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून नागरिकांनी तारखांवर लक्ष ठेवावे. महासंचालक कधी निवृत्त होणार हे आधीपासून माहीत असते. त्यातून तीन महिने वजा करा आणि त्या आठवड्यात गृह विभागाकडे माहिती अधिकारात विचारा: यूपीएससीला प्रस्ताव कोणत्या दिनांकाच्या पत्राने गेला? अर्जात एवढा एकच प्रश्न ठेवा. पाच प्रश्न विचारले की एका प्रश्नाच्या निमित्ताने सगळा अर्ज अडकतो.

सातारकर_वाचक

दोघांचेही आभार. परंतुकाचा भाग माझ्या नजरेतून सुटला होता. आता फोनबद्दल कोणी सांगेल का? बदली, नेमणूक यांचा कागद तरी असतो. फोनचा काय पुरावा?

वऱ्हाडी_वकील

फोनचा कागद होतो, केला तर. याचा सर्वांत ठळक नमुना आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला आहे आणि पोलीस प्रशिक्षणात तो शिकवायला हवा.

२००६ ची गोष्ट. खामगाव भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारीच्या तक्रारी केल्या होत्या, त्या स्थानिक आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या स्वीय सहायकाने पोलिसांना फोन केला. पुढे जून २००६ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखी सूचना गेली: या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा सावकारीविरोधी समितीपुढे ठेवा, समितीने जिल्हा सरकारी वकिलाचं मत घ्यावं, आणि मगच पुढची कारवाई. म्हणजे बाकी कोणाही सावकारावर थेट गुन्हा, या एका कुटुंबासाठी मात्र मधे दोन उंबरठे.

हे उघड कशामुळे झालं? पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत त्या फोनची नोंद होती. कोणाचा फोन, काय सांगितलं, हे तिथे लिहिलं गेलं होतं. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, त्यांनी ती सूचना बेकायदा ठरवली आणि सरकारला २५ हजारांचा खर्च लावला. सरकार अपिलात गेलं. १४ डिसेंबर २०१० ला न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांच्या पीठाने अपील फेटाळलं, आणि खर्चाची रक्कम वाढवून १० लाख केली. गुन्हा नोंदवायचा की नाही यात मुख्यमंत्र्यालाही बोलायचा अधिकार नाही, हे न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे सांगितलेली महाराष्ट्रातली दुसरी घटना मला तरी आठवत नाही. आणि सगळ्याच्या मुळाशी एक डायरी नोंद.

कायद्याची मांडणी अशी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ४ नुसार पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडे आहे. मंत्री हाच शब्द पुढे करतात. पण विनीत नारायण निकालात (१८ डिसेंबर १९९७) सीबीआयच्या संदर्भात हे स्पष्ट झालं की देखरेख म्हणजे अमुक एका गुन्ह्याचा तपास कसा करायचा, कोणाला पकडायचं, हे सांगण्याचा अधिकार नव्हे. धोरण ठरवा, मनुष्यबळ द्या, पैसे द्या, कामाचा जाब विचारा. गुन्हा क्रमांक अमुक यात हात घालू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक, हे ललिता कुमारी निकालाने (१२ नोव्हेंबर २०१३) पक्कं केलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशीची मुभा आहे. ‘जरा चौकशी करून बघा’ असे फोन आता याच फटीतून येणार, म्हणून परवानगी लेखी आहे का आणि तिच्यावर तारीख कोणती, हे आधी तपासा.

आता अधिकाऱ्याने करायचं काय.

आयपीएस असेल तर अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम १९६८, नियम ३(३). वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी देणं टाळता आलं नाही तर वरिष्ठाने लगेच लेखी पुष्टी द्यावी. आणि महत्त्वाचं म्हणजे तोंडी आदेश मिळालेल्या अधिकाऱ्याने शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी मागावी, असं नियमच सांगतो. पुष्टी मागणं उद्धटपणा नाही, ते कर्तव्य आहे. राज्य सेवेतल्यांना वर्तणूक नियम १९७९ मध्ये याच धर्तीची तरतूद आहे. सुब्रमणियन निकालानेही तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून ठेवावेत, असंच सांगितलं.

पत्राची भाषा साधी ठेवायची. ‘आज दिनांक अमुक रोजी अमुक वाजता आपण दूरध्वनीवरून गुन्हा क्रमांक अमुक संदर्भात पुढीलप्रमाणे सूचना दिली. तिची लेखी पुष्टी व्हावी. दरम्यान तपास कायद्यानुसार सुरू आहे.’ एवढंच. आरोप नको, विशेषण नको, ‘दबाव’ हा शब्दही नको. ज्या क्षणी अधिकारी ‘माझ्यावर दबाव आणला’ असं लिहितो, त्या क्षणी ते तक्रारपत्र होतं आणि त्याची चौकशी सुरू होते. पुष्टी मागणाऱ्या पत्राला मात्र दोनच उत्तरं आहेत: लेखी आदेश किंवा मौन. दोन्ही उपयोगी.

चुका कुठे होतात तेही सांगतो. नोंद दोन दिवसांनी होते. डायरीत क्रम असतो, वेळ असते, उशिरा घातलेली नोंद ओळखू येते आणि उलटतपासणीत तिची चिंधी होते. दुसरी चूक म्हणजे ती केस डायरीत लिहिणं. केस डायरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ ची, तपासाच्या टप्प्यांसाठी, आणि आरोपीला ती सहसा पाहायला मिळत नाही. बाहेरून आलेल्या फोनची जागा ठाण्याच्या दैनंदिनीत. तिसरी चूक फार सार्वत्रिक: ‘वरिष्ठांचा फोन आला, योग्य त्या सूचना मिळाल्या.’ कोणाचा, काय, कशाबद्दल, काहीच नाही. अशी नोंद असून नसल्यासारखी.

न्यायनिवाडे_पुणे

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला धरून, नोंद वेळेवर नसली की काय होतं ते मार्च २०२१ मध्ये दिसलं. १७ मार्चला परमबीर सिंग यांची मुंबईच्या आयुक्तपदावरून गृहरक्षक दलात बदली झाली. २० मार्चला त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिन्याला १०० कोटी गोळा करायला सांगितल्याचा आरोप केला. देशमुखांनी तो नाकारला. सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून उच्च न्यायालयात पाठवलं गेलं. ३१ मार्चच्या सुनावणीत मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: तुम्ही पोलीस आयुक्त होता, गुन्हा घडल्याचं तुम्हाला कळलं, मग एफआयआर का नोंदवला नाही?

५ एप्रिलला न्यायालयाने सीबीआयला १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करायला सांगितलं, कारण गृहमंत्र्यांच्याच अखत्यारीतल्या पोलिसांकडून स्वतंत्र तपासाची अपेक्षा करता येत नाही. त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. पण हा आदेश झाला तो एका वकील महिलेने आधी पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीच्या आधारावर. माजी आयुक्तांच्या पत्रापेक्षा ठाण्यात रीतसर दिलेला अर्ज न्यायालयाला जास्त भक्कम पायरी वाटला, हे मला सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. आरोपांचं खरंखोटं हा वेगळा विषय, त्याचा निकाल त्या-त्या न्यायालयात. बदलीनंतर लिहिलेल्या पत्राला हेतूचा प्रश्न चिकटतो आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हो, परत बसवल्याचं उदाहरण आहे, केरळचं. टी. पी. सेनकुमार २०१५ मध्ये राज्य पोलीसप्रमुख झाले. मे २०१६ मध्ये सरकार बदललं आणि काही दिवसांतच त्यांना हलवून पोलीस गृहनिर्माण महामंडळावर पाठवलं. आधार होता केरळ पोलीस कायदा २०११, कलम ९७(२)(ई): पोलिसांच्या कार्यक्षमतेबद्दल जनतेत गंभीर असंतोष. पुट्टिंगल मंदिरातली फटाक्यांची दुर्घटना आणि पेरुंबवूरचा एक खून, ही दोन कारणं दाखवली. कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) आणि केरळ उच्च न्यायालय, दोन्हीकडे ते हरले. २४ एप्रिल २०१७ ला न्या. लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने त्यांना परत नेमायला सांगितलं.

न्यायालयाने कोणाची बाजू घेतली नाही, फाइल मागवली. ‘जनतेत असंतोष’ हे सरकारचं प्रथमदर्शनी समाधान असलं, तरी ते कशावर आधारलं आहे ते फाइलमध्ये दिसायला हवं, आणि ते दिसेना. पोलीसप्रमुखाचं पद संवेदनशील आहे, म्हणून सरकारच्या मर्जीने हलवता येतं, हा युक्तिवाद चालला नाही. सरकारने ‘स्पष्टीकरण द्या’ म्हणून पुन्हा अर्ज केला तो ५ मे २०१७ ला २५ हजार रुपये खर्चासह फेटाळला गेला. सेनकुमार परत आले आणि ३० जूनला निवृत्त झाले.

किंमत मोजा: जवळपास अकरा महिने लढाई आणि हाती दोन महिनेसुद्धा नाहीत. सीबीआय संचालक आलोक वर्मा यांचं तर त्याहून कमी. २३ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री सक्तीच्या रजेवर पाठवलं, ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याच्या कलम ४ब नुसार निवड समितीच्या पूर्वसंमतीशिवाय संचालकाला हलवता येत नाही. १० जानेवारीला त्याच समितीने दोन विरुद्ध एक मताने त्यांना हटवलं. म्हणून ‘कोणी कोर्टात जात नाही’ याचं कारण भित्रेपणा समजू नका. दोन वर्षांच्या मुदतीतलं वर्ष कोर्टातच जातं, आणि जिंकलेल्या अधिकाऱ्याला त्याच सरकारबरोबर काम करायचं असतं.

गृहखाते_निरीक्षण

निवडणुकीच्या काळात एक तिसरा दरवाजा उघडतो, त्याचाही उल्लेख हवा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २८अ नुसार निवडणुकीच्या अधिसूचनेपासून निकालापर्यंत पोलीस अधिकारी निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाते. ४ नोव्हेंबर २०२४ ला आयोगाने विरोधी पक्षांच्या तक्रारीनंतर महासंचालक रश्मी शुक्ला यांना दूर करायला सांगितले, संजयकुमार वर्मा आले. २० तारखेला मतदान, २३ ला निकाल, आणि २५ नोव्हेंबरला शुक्ला पुन्हा पदावर.

दोन्ही निर्णयांवर मतभेद आहेत, त्यात जात नाही. संस्थेच्या दृष्टीने मात्र हे वाईटच आहे. महासंचालक निष्पक्ष नाही असे आयोगाला वाटते आणि निकालानंतर दोन दिवसांत सरकार त्याच अधिकाऱ्याला परत आणते, तेव्हा ठाण्यातल्या शिपायापर्यंत एकच अर्थ पोहोचतो: साहेब कोणाचे आहेत. हा शिक्का अधिकाऱ्याने मिळवलेला असो वा नसो, तो पुसायला वर्षे लागतात.

यावर उपाय म्हणून ज्या राज्य सुरक्षा आयोगाची कल्पना होती त्याचे अध्यक्ष गृहमंत्री, सदस्य विरोधी पक्षनेते, मुख्य सचिव, अपर मुख्य सचिव (गृह) आणि पाच अशासकीय व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात असे म्हटले होते. तेवढा एक शब्द टिकला असता तर या धाग्यातले अर्धे प्रश्न आयोगाच्या बैठकीत सुटले असते.

डिचोलीकर

गोव्याचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. गोव्यातले आयपीएस अधिकारी अगमुट (अरुणाचल, गोवा, मिझोरम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या एकत्रित) संवर्गातले, त्यामुळे त्यांची राज्यात नेमणूक आणि राज्याबाहेर बदली केंद्रीय गृह मंत्रालय करतं. पणजीचं सरकार महासंचालकाला थेट दुसरीकडे टाकू शकत नाही, पण दिल्लीकडे शब्द टाकू शकतं. दबावाला दोन दारं होतात आणि उत्तरदायी कोण ते सांगणं अवघड. निरीक्षक आणि राज्य सेवेतले अधिकारी मात्र पूर्णपणे राज्याच्या हातात.

पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा, असं लोक सांगतात. तिथे कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशा पोलिसाच्या कृत्यांची तक्रार होते. ‘मंत्र्याने फोन केला’ हा तिथला विषय नाही. फोनमुळे ठाण्याने जे केलं किंवा टाळलं, तेवढंच तिथे मांडता येतं. अर्ज लिहिताना हे पाळलं नाही तर पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येतो.

नागरिकाला एफआयआर नाकारला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४): अधीक्षकांना टपालाने लेखी, तरी नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज. टपालाची पावती जपा, ती नसेल तर अर्ज तिथेच अडतो. आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण राखून ठेवा असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ते १८ महिने ठेवायचं आहे, पण मागितलं नाही तर नंतर यंत्र बंद होतं असं उत्तर मिळतं.

सातारकर_वाचक

शेवटचा प्रश्न. महासंचालक, आयुक्त यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालय आहे. तालुक्याच्या ठाण्यातला निरीक्षक सात-आठ महिन्यांत उचलला गेला, तर त्याने काय बघायचं?

सेवाकायदा_नागपूर

त्याच्यासाठी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. मुंबई, नागपूर किंवा औरंगाबादचं पीठ, प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ चं कलम १९. आयपीएस असता तर कॅटमध्ये जावं लागलं असतं.

वर सांगितलेलं परंतुक वापरलेलं नसेल, तर कायद्याने निरीक्षकाच्या बदलीत मंत्र्याला जागाच नाही, ती मंडळाची. म्हणून सगळी लढाई मंडळाच्या इतिवृत्तावर होते. माहिती अधिकारात इतिवृत्त, मंडळ स्थापन केल्याचा आदेश आणि ज्या कसुरी अहवालावर बदली झाली तो, अशा तीन गोष्टी मागायच्या. त्यात बघायचं: इतिवृत्ताची तारीख बदली आदेशाच्या आधीची आहे का? सगळ्या सदस्यांच्या सह्या आहेत का, की बैठक न घेता कागद फिरवून नंतर सह्या घेतल्या? बदली परिक्षेत्राबाहेर असेल तर ती मंडळ क्रमांक २ ने केली आहे का, कारण परिक्षेत्राच्या मंडळाला बाहेर पाठवता येत नाही. आणि कारण त्या अधिकाऱ्याचं स्वतःचं आहे का? पंधरा नावांपुढे एकच ‘प्रशासकीय निकड’ लिहिलेली असेल, तर ‘अपवादात्मक परिस्थिती’ हा शब्द कुठे बसतो ते सरकारला सांगता येत नाही.

स्वतःच्या बाजूचं एक घर आधी तपासा. त्याच अधिकाऱ्याने पूर्वी कधी आमदाराचं शिफारसपत्र जोडून विनंती बदली मागितली असेल, तर सरकारी वकील ते पहिल्याच दिवशी काढतो. बाहेरचं वजन आणणं हे वर्तणूक नियमांखाली गैरवर्तन आहे, आणि मग राजकीय हस्तक्षेपाचा मुद्दा त्याच्या तोंडी शोभत नाही.

अर्जाला मुदत एक वर्षाची आहे, पण त्यावर जाऊ नका. अंतरिम स्थगिती मिळते ती बहुधा कार्यमुक्त होण्याआधी. आदेश संध्याकाळी येतो, रात्री एकतर्फी कार्यमुक्त करतात, सकाळी नवा निरीक्षक हजर होतो. त्यानंतर न्यायाधिकरण ‘जैसे थे’ म्हणायला कचरतं, कारण आता दुसऱ्यालाही उठवावं लागणार. तेव्हा कार्यभार सोपवल्याच्या कागदावर वेळ टाकून, ‘हक्क राखून’ असं लिहूनच सही करायची, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे.